ढगांवरचं भांडं

कल्पना करा, की तुम्ही एका कपाटाएवढ्या खोलीत उभे आहात. पाठ दाराला टेकली आहे, गुडघे समोरच्या भांड्याला लागले आहेत. पायाखालची जमीन सारखी थरथरते आहे, कारण ती जमीन नाहीच. तिच्याखाली ढग आहेत आणि ढगांखाली अख्खा समुद्र. तुमच्या हातांत तीन वर्षांची मुलगी आहे. एका हाताने तिची विजार खाली ओढायची, दुसऱ्याने तिला भांड्यावर तोलून धरायचं, कोपर चुकून बटणाला लागत नाही ना ते बघायचं, आणि एवढं सगळं करताना चेहरा असा ठेवायचा की जणू आपण अंगणात मांजराला दूध पाजतोय. बाहेर रांग लागली आहे. कुणीतरी मुद्दाम खोकतं आहे. आणि मुलगी म्हणते, "नाही येत."

आता अशीही कल्पना करा, की ती मुलगी खोटं बोलते आहे, आणि ते तुम्हाला चांगलं माहीत आहे.

दोब्रिन्का काझाकोवाला ही कल्पना करावी लागत नाही. ती त्या कपाटात उभी राहिलेली आहे. गंमत अशी, की संडासाच्या भांड्यापुढे हात टेकायची वेळ तिच्यावर येईल असं तिच्या गावात कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

बल्गेरियातल्या सेव्हलिएवो गावात दोन गोष्टी पिकतात: भोपळे आणि संडासाची भांडी. भोपळे शेतात, भांडी कारखान्यात. दोब्रिन्का लग्नाआधीपासून कारखान्यात आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं तिने चाचणीच्या ओळीवर काढली. भट्टीतून निघालेलं, चकचकीत, अजून कुणाच्या उपयोगी न पडलेलं भांडं तिच्यापुढे येतं. ती त्यात स्पंजाचे तुकडे, कागदाचे बोळे, प्लास्टिकचे गोळे टाकते, पाणी सोडते आणि वाकून बघते. भांड्याने सगळं गिळलं पाहिजे आणि शेवटी गळ्यातून 'गट्' असा एक आवाज काढला पाहिजे. तो आवाज आला की दोब्रिन्का भांड्याच्या काठावर थाप मारते, शाबासकी दिल्यासारखी, आणि ते पुढे जातं. पाणी एका वाकड्या नळीत चढतं, वळणावरून पलीकडे पडतं, आणि पडता पडता मागचं सगळं स्वतःबरोबर ओढून नेतं. ना मोटर, ना वीज. एवढ्या वर्षांत तिने हे हजारोंनी पाहिलं, पण पाणी घसरायला लागलं की अजूनही ती वाकते. तिच्याबरोबरच्या स्तेफ्काने एकदा विचारलं होतं, "दोब्रिन्का, रोज काय बघतेस ग त्यात?" तर ही म्हणाली, "जातं ग. दर वेळी जातं."

नवरा वारल्यावर घरात ती आणि मुलगी नेवेना उरल्या. नेवेनाचं लग्न झालं, नात झाली, आणि नात अजून रांगत असतानाच नेवेना आणि जावई प्लामेन शिकागोला गेले. जावई तिकडे ट्रक चालवतो, नेवेना म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. बस्तान बसलं की पोरीला घेऊन जाऊ, असं ठरलं. नात, रादिना, आजीजवळ राहिली.

दोब्रिन्काने तिला भांड्यावर बसायला शिकवलं ते अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाखाली. ज्या मातीच्या मडक्यात घेवडा शिजतो त्याला गावात गर्ने म्हणतात, आणि पोरं ज्याच्यावर बसतात त्यालाही गर्नेच म्हणतात. त्यामुळे "गर्ने आण ग" म्हटलं की रादिना विचारायची, "खायचं की शूचं?" आजी तिच्यासमोर उकिडवी बसायची आणि दातांतून हलकी शीळ घालायची, प्स्स्स, जणू दूरवर कुठेतरी नळ गळतोय. थोड्या वेळाने आतून तसाच आवाज यायचा. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि आजी भांड्याच्या काठावर थाप मारायची.

मग आला तो वसंत, ज्यात रादिनाला लघवीचा त्रास झाला. खेळण्याच्या नादात पोर तासन्‌तास अडवून धरायची. ताप चढला, पोटाला हात लावू देईना. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि दोब्रिन्काला बजावलं, "हिला धरून ठेवू द्यायचं नाही. काय वाटेल ते करा, पण अडवून ठेवू द्यायचं नाही. पुन्हा झालं तर मूत्रपिंडापर्यंत जाईल." दोब्रिन्काने मान हलवली खरी, पण ते वाक्य तिच्या छातीत खिळ्यासारखं बसलं.

आणि उन्हाळा संपता संपता नेवेनाचा फोन आला. कागदपत्रं झाली होती. आईनेच पोरीला घेऊन यायचं होतं.

"आई, विमानात डायपर घाल तिला," नेवेना पडद्यावरून म्हणाली.

"का? ती काय बाळ आहे?"

"तीन वर्षांची आहे, आई. सोफियाहून व्हिएन्ना, व्हिएन्नाहून इकडे. दिवसभराचा प्रवास आहे. तिथे रांगा असतात, पट्टा बांधून बसायला लावतात..."

"सहा महिने झाले तिला कोरडी राहून. आता घातलं तर तिला काय वाटेल? आजीचा भरवसा उडाला."

"आई, तू आयुष्यभर संडासं तपासलीस म्हणून तुला वाटतं..."

"संडासाचं मला बघू दे," दोब्रिन्का म्हणाली. "तू विमानतळावर वेळेवर ये."

तरीही निघायच्या आदल्या दिवशी तिने गुपचूप डायपरचं एक पाकीट आणलं आणि पिशवीच्या तळाशी, भोपळ्याच्या गोड गुंडाळ्यांच्या डब्याखाली, दडवलं.

पहिली चूक सोफिया आणि व्हिएन्नाच्या मध्ये झाली, आणि ती रादिनाची नव्हती. विमान लहान होतं, रांग नव्हती. पोर शहाण्यासारखी भांड्यावर बसली, आजीने शीळ घातली, काम झालं. इथे दोब्रिन्काचा हात घात करून गेला. चाचणीच्या ओळीवर भांड्यात काही पडलं की हात आपोआप पाण्याकडे जातो. तसाच तो भिंतीवरच्या बटणाकडे गेला. रादिना अजून भांड्यावरच होती.

क्षणभर काहीच झालं नाही. मग खालून अशी गर्जना झाली, की जणू एखाद्या राक्षसाने एका दमात सगळी हवा आत ओढली. रादिना रडलीसुद्धा नाही. तिने दोन्ही पाय वर घेतले, आजीच्या गळ्याला मिठी मारली आणि नखं रुतवली.

"त्याने मला ओढलं," ती नंतर म्हणाली.

"नाही ग सोन्या. आवाज झाला फक्त."

"ओढलं."

व्हिएन्नाच्या विमानतळावर दोब्रिन्काने सगळं नीट करायचं ठरवलं. तिथली भांडी चिनीमातीची होती, पाण्याची होती, तिच्या ओळखीची होती. पण त्यांच्या मागे भिंतीत एक लाल डोळा होता. रादिना एवढी लहान, की तो डोळा तिला माणूस धरेना. ती बसल्याबरोबर त्याला वाटलं, उठून गेली. पाणी धो धो सुटलं. रादिना विजार वर ओढतच बाहेर पळाली. त्यानंतर तिने जाहीर केलं, "मला शू येत नाही." आज नाही, आत्ता नाही, असं काही नाही. येतच नाही.

आणि अशा अवस्थेत त्या दोघी मोठ्या विमानात चढल्या.

शेजारच्या सीटवर ओग्न्यान नावाचा गृहस्थ होता, शिकागोत ट्रक चालवणारा, सुट्टी संपवून परत निघालेला. पोट सुटलेलं, मिशा पांढऱ्या, आवाज असा की पुढच्या तीन रांगांना वेगळं सांगायला नको.

"कुठल्या तुम्ही, ताई?"

"सेव्हलिएवोची."

"म्हणजे भोपळेवाल्या."

"आणि तुम्ही?"

"गाब्रोवो."

"मग खिडकीतलं ऊन जरा जपून वापरा," दोब्रिन्का म्हणाली. "फुकट आहे म्हणून पिशवीत भरून न्याल. कवडीचुंबकांचं गाव तुमचं."

ओग्न्यान पोट धरून हसला आणि त्यांची गट्टी जमली.

विमानाने जमीन सोडली तेव्हा दोब्रिन्काने रादिनाचा हात धरला होता, की रादिनाने तिचा, ते सांगता येणार नाही. एवढं लोखंड, एवढी माणसं, त्यांच्या पेट्या, त्यांची जेवणं, आणि त्यांच्या पोटातलं सगळं पाणीसुद्धा, हे वर कसं जातं? ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. सूर्य त्यांच्याबरोबर चालला होता. बराच वेळ उलटला तरी तो खिडकीच्या त्याच कोपऱ्यात होता, कुणी खिळ्याला टांगून ठेवल्यासारखा.

"हलत का नाही तो?" तिने विचारलं.

"आपण त्याच्या मागे धावतोय ना," ओग्न्यान म्हणाला. "आज दिवस संपतच नाही. ड्रायव्हरचा दिवस असतो तसा."

दिवस संपत नव्हता आणि रादिना जात नव्हती. तिने दूध प्यायलं, सफरचंदाचा रस प्यायला, भोपळ्याची अख्खी गुंडाळी खाल्ली. पाणी तोडावं तर डॉक्टरीणबाईंनी तेही करायचं नाही म्हणून सांगितलं होतं. दोब्रिन्का तिला घेऊन त्या कपाटात गेली. तिथे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. परत आल्यावर रादिना गप्प झाली. तिची बडबड थांबणं ही पहिली खूण होती. मग ती टाच खाली घेऊन तिच्यावर बसली, ही दुसरी. दोब्रिन्काने पोटाला हात लावला. बेंबीखाली काहीतरी टणक होतं, लिंबाएवढं, आणि हात लागताच पोरीने तो झटकला.

"ही पोर आमच्या गाब्रोवोची शोभते, ताई," ओग्न्यान म्हणाला. "काही म्हणजे काही सोडत नाही."

दोब्रिन्काला हसू आलं नाही. तिने पिशवीत हात घातला, डबा बाजूला सारला आणि ते पाकीट काढलं. काढताना तिला नेवेनाचा चेहरा दिसला, पण आता त्याचं काही वाटण्याची वेळ नव्हती.

"हे बघ," ती नातीच्या कानात म्हणाली, "आजच्या दिवस हे घालू. यातच कर. कुणाला कळणार नाही."

रादिनाने पाकिटावरच्या गुटगुटीत बाळाचं चित्र पाहिलं. मग आजीकडे पाहिलं.

"हे बाळांचं असतं."

"हो, पण आज..."

"तू म्हणालीस, मी मोठी झाले." तिने पाकीट दूर ढकललं. "तू म्हणालीस, हे नकोच आता."

दोब्रिन्काने पाकीट परत ठेवलं. आपणच बांधलेल्या भिंतीवर आपलंच डोकं आपटलं होतं. मात्र त्याच वेळी तिला दुसरंही काही वाटत होतं, आणि त्याला भीती म्हणता आलं नसतं. एवढासा जीव, मुठीएवढी पिशवी, तिच्या तोंडाशी असेल एखादी दोऱ्याएवढी शीर. त्या शिरेला एवढा हट्ट कुठून येतो? आपण मोठी माणसं दोन डोंगरांपलीकडच्या बसस्टँडपर्यंत तग धरत नाही, आणि ही अर्धा समुद्र ओलांडून आली.

"काका आहेत तुझ्याजवळ," तिने रादिनाला सांगितलं. "मी जरा त्या भांड्याशी बोलून येते."

"बोला, बोला," ओग्न्यान म्हणाला, आणि त्याने कानांवर गाणी चढवली.

दोब्रिन्काने आत जाऊन कडी लावली आणि पहिल्यांदाच, पोरीशिवाय, त्या भांड्याकडे नीट पाहिलं. चिनीमाती नव्हतीच. पत्रा होता, आणि त्यावर तव्यासारखा गुळगुळीत लेप. पाणी नव्हतं. वाकडी नळी नव्हती. एवढ्या लोकांची सोय करणाऱ्या भांड्यात पाणीच नाही, हे तिला देवळात देव नसल्यासारखं वाटलं. तिने कागदाचा बोळा केला, आत टाकला आणि बटण दाबलं.

पुन्हा ती शांतता. मग तळाशी झाकण उघडलं आणि बोळा गेला. वाहून गेला नाही, गेला. आत्ता होता आणि आता नाही. भिंतींवरून चार थेंब पाणी शिंपडलं गेलं, तेही सुकलं.

तिने दुसरा बोळा टाकला. मग तिसरा. ती वाकली, अगदी चाचणीच्या ओळीवर वाकते तशी. आयुष्यभर तिला वाटत आलं होतं, की घाण पाणी नेतं. पाण्याला वजन असतं, ते पडतं आणि ओढतं. इथे ओढणारं काहीच नव्हतं. नळीच्या पलीकडे नुसता रिकामेपणा होता, आणि झाकण उघडताच इकडची हवा त्या रिकाम्या जागेकडे अशी धावत होती, की वाटेत येईल ते घेऊन जाईल. रिकाम्या जागेला इतकी ताकद असते? तिने छातीवर हात ठेवला. बोळे संपले तेव्हाच ती भानावर आली. दारावर थापा पडत होत्या.

एक गोष्ट मात्र तिला पक्की कळली होती. झाकण लावून दाबलं तर गर्जना निम्मी होते. बटण दाबल्यावर लगेच काही होत नाही, आणि बटणाशिवाय तर काहीच होत नाही. हे भांडं आपण होऊन कुणाला ओढत नाही.

ती ही बातमी घेऊन घाईने परतली, तर रादिना हमसून हमसून रडत होती आणि ओग्न्यान कानांवरची गाणी काढून तिच्यापुढे चॉकलेट नाचवत होता.

"काय झालं ग?"

"मी मावशीला हो म्हटलं," रादिना हुंदक्यांतून म्हणाली. "आणि मावशी निघून गेली."

"कोण मावशी?"

"थांबा, थांबा," ओग्न्यान म्हणाला. "ती उंच होस्टेस आली होती. पोरीची चुळबुळ बघून तिने संडासाकडे बोट दाखवलं, काहीतरी विचारलं. हिने मान हलवली." त्याने स्वतः मान डावीउजवीकडे हलवून दाखवली. "आपली. होकाराची."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बल्गेरियात मान आडवी हलली की ते हो असतं, आणि वर झटकली की नाही. त्या विमानात मात्र आडवी मान म्हणजे नाही. पोर एवढा सगळा धीर गोळा करून, एका परक्या बाईला हो म्हणाली, आणि ती बाई गोड हसून निघून गेली.

"तुम्ही तिथेच बसला होतात," दोब्रिन्का म्हणाली. "इतकी वर्षं तिकडे राहता. सांगता आलं नाही?"

"मला काय माहीत, ताई? मी कानात गाणी घालून डोळे मिटले होते. अर्धं पाहिलं, आता जोडून सांगतोय. आणि मी तिकडे मान हलवतच नाही. तोंडाने बोलतो. ट्रकमध्ये मान दाखवू कुणाला?"

"चल, आता आपण जाऊ," दोब्रिन्का नातीला म्हणाली.

पण उघडलेलं दार परत बंद झालं होतं. रादिनाने मान झटकन वर केली. नाही. कुणी नेलं नाही ना, मग आता नाही.

ओग्न्यान उठला. ज्याची चूक त्याने निस्तरावी असं त्याला वाटलं असावं. तो पुढे जाऊन त्या होस्टेसला घेऊन आला. तिचं नाव रोस्विता. व्हिएन्नाची, चांगली उंच, केस घट्ट बांधलेले. सगळं ऐकून ती इतकी लाजली, की कान लाल झाले. ती रादिनाच्या सीटजवळ गुडघ्यांवर बसली आणि तिने ओग्न्यानला विचारलं, की हो कसं म्हणायचं.

"असं," तो म्हणाला आणि मान आडवी हलवली.

रोस्विताने तोंडाने हो म्हटलं आणि मान आडवी हलवायला गेली, पण मान ऐकेना. सवयीने ती खाली आली, तिने ती बाजूला वळवली, ती पुन्हा वर गेली; शेवटी तिचं डोकं गोल फिरायला लागलं, जात्यासारखं.

"बघ, बघ," ओग्न्यान म्हणाला, "मावशीची मान बिघडली. आता ही कुणाला हो म्हणतेय आणि कुणाला नाही, तिचं तिलाच ठाऊक नाही. हिला दुरुस्तीला द्यायला पाहिजे."

रादिनाचं रडणं मध्येच थांबलं. रोस्विताने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी नाही म्हणायला गेली आणि नाक समोरच्या सीटवर आपटलं. रादिना हसली. आधी नाकातून, मग तोंडातून, मग सगळं अंग हलायला लागलं. आणि हसता हसता एकदम थांबली. डोळे मोठे झाले.

"आजी," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर तिघं उठले. रोस्विता पुढे, हाताने वाट मोकळी करत. मागे दोब्रिन्का, पोर कडेवर. आणि त्यांच्यामागे काही कारण नसताना ओग्न्यान. रांगेतल्या माणसांनी पोरीचा चेहरा पाहिला आणि भिंतींना चिकटून जागा दिली.

दार बंद झालं. आणि भांडं दिसताच रादिनाचं अंग पुन्हा लाकूड झालं.

दोब्रिन्काने आपले दोन्ही तळहात भांड्याच्या काठावर पसरले आणि तिला त्यांच्यावर बसवलं, म्हणजे थंड पत्रा लागू नये, आत पडायची भीती वाटू नये. तिने शीळ घातली. विमानाच्या घरघरीत ती तिची तिलाच ऐकू आली नाही. एक हात सोडवून तिने नळ दाबला; नळ दोन घोट पाणी ओकून आपोआप बंद झाला. "मी बटण दाबणार नाही," ती म्हणाली. "तू बाहेर जाईपर्यंत नाही. झाकण लावून दाबीन." रादिनाने ऐकलं, पण काही झालं नाही. तिच्या मांड्या थरथरत होत्या. कपाळाला घाम आला होता. दोब्रिन्काला तो ताप आठवला, आणि तिच्याजवळ आता करण्यासारखं काहीही उरलं नव्हतं. ती नुसती धरून उभी राहिली.

तेव्हा रादिनाने तिच्या मानेला हात घालून तिला खाली ओढलं, तोंड कानाशी नेलं आणि काहीतरी बोलली.

नेमकं त्याच क्षणी पलीकडच्या कपाटात कुणीतरी बटण दाबलं. मधली भिंत हादरली आणि त्या गर्जनेत सगळे शब्द गेले. दोब्रिन्काला कळलं ते एवढंच, की वाक्याचं शेपूट वर गेलं होतं. पोरीने काहीतरी विचारलं होतं. आश्चर्य म्हणजे त्या आवाजाने रादिना दचकलीसुद्धा नाही. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

काय म्हणालीस, असं विचारता आलं असतं. पण तो चेहरा एवढा उघडा होता, की पुन्हा विचारलं तर मिटेल, असं दोब्रिन्काला वाटलं. तिने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. हो.

आणि मग आलं.

आधी थेंब, मग धार, आणि मग ती धार थांबेना. दोब्रिन्काच्या बोटांवरून, त्या तव्यासारख्या पत्र्यावरून ती वाहत होती आणि रादिनाच्या चेहऱ्यावरून एकेक सुरकुती उतरत होती, जणू आतून कुणी इस्त्री फिरवत होतं. बेंबीखालचं लिंबू विरघळलं. दोब्रिन्का वाकून बघत राहिली. तिने आयुष्यात हजारो भांडी पाहिली, त्यांत पाणी पडताना पाहिलं, वळताना, घसरताना, जाताना पाहिलं. पण असं काही पाहिल्याचं तिला आठवेना. एवढंसं शरीर, त्याच्याभोवती हे मोठं लोखंडी शरीर, त्याच्याखाली समुद्र, आणि या सगळ्यात एका पोरीने ठरवलं की आता सोडायचं, आणि सोडलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी शब्दशः कळलं.

रादिना बाहेर रोस्विताचा हात धरून उभी राहिली, तेव्हाच दोब्रिन्काने झाकण लावलं आणि बटण दाबलं. बाहेरून आवाज आला, "गेलं?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं. दर वेळी जातं."

सीटवर परतल्यावर ओग्न्यानने चॉकलेटचा मोठा तुकडा रादिनाला दिला आणि लहान स्वतःला ठेवला. गाब्रोवोच्या माणसाने असं केल्याचं मी कुठेच सांगणार नाही, असं वचन दोब्रिन्काने त्याला दिलं. रादिना तोंडात चॉकलेट ठेवूनच झोपली. खिडकीतून खाली पांढरं काहीतरी पसरलं होतं, बर्फ की ढग ते कळत नव्हतं, आणि दोब्रिन्का ते बघत बसली. उतरायच्या आधी ती पोरीला आणखी दोनदा घेऊन गेली. दोन्ही वेळा शिळेचीही गरज पडली नाही.

शिकागोच्या विमानतळावर नेवेनाने लेकीला उचललं, छातीशी धरलं, आणि रडता रडता तिचा हात आपोआप पोरीच्या विजारीखाली गेला. कोरडी होती. डायपरही नव्हतं.

"आई..."

"ते पाकीट पिशवीत आहे," दोब्रिन्का म्हणाली. "कुणाला लागत असेल तर दे."

ती तिथे पानं गळेपर्यंत राहिली. घरातलं भांडं तिने पहिल्याच दिवशी कागदाचे बोळे टाकून तपासलं आणि पास केलं. रादिना हळूहळू आईच्या मांडीवर बसायला लागली, रात्री आईला हाक मारायला लागली. व्हायला हवं होतं तसंच होत होतं.

परत निघायच्या दिवशी विमानतळावर रादिना रडली नाही. नेवेनाच्या कडेवर बसून ती आजीच्या पेटीकडे बघत होती. मग म्हणाली, "पण तू हो म्हणाली होतीस."

"कधी ग?"

"भांड्यावर. विमानात."

"कशाला हो म्हणाले मी?"

रादिनाने आईच्या मानेत तोंड खुपसलं आणि पुन्हा वर केलं नाही. तपासणीचं दार उघडलं होतं. लोक चालायला लागले होते.

आता दोब्रिन्का परत चाचणीच्या ओळीवर आहे. ही गोष्ट तिने कारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगितली आहे, आणि प्रत्येकीकडे एकेक उत्तर आहे. स्तेफ्का म्हणते, "बटण उशिरा दाबशील ना, एवढंच विचारलं असेल." दोब्रिन्का म्हणते, "ते तर मी पाळलं. मग मला ऐकवलं कशाला?" दुसरी एक म्हणते, "सोड ग, पोरं काहीही विचारतात." फोनवर तिने रादिनालाही विचारून पाहिलं. रादिना आता चारची झाली, शाळेत जाते, तिला पडद्यावर आपले नवे बूट दाखवायचे असतात. "कुठलं विमान?" ती म्हणते.

भांडं पुढे येतं. दोब्रिन्का बोळे टाकते, पाणी सोडते, वाकते. पाणी वळणावर चढतं, पलीकडे पडतं, सगळं घेऊन जातं, आणि गळ्यातून तो आवाज येतो. ती काठावर थाप मारते, आणि पुढचं भांडं येईपर्यंतच्या त्या मोकळ्या क्षणात रोज तेच मनात येतं: त्या गर्जनेत पोरीने विचारलं काय होतं, आणि मी हो म्हणाले ते कशाला?